भाताच्या चुडापासून घारीपर्यंत : शेतातील अन्नसाखळी आणि प्राण्यांच्या पायऱ्या

भाईंदर पूर्वेला इंद्रलोक नावाची मोठी वसाहत आहे. माझी थोरली बहीण तेथे राहते. सुट्टीत तिच्याकडे गेलो की सकाळी गच्चीवर जाण्याचा माझा परिपाठ आहे. इमारतींच्या रांगा संपल्या की मिठागरांचे चौकोन लागतात, मग तिवरांचा हिरवा पट्टा आणि त्यापुढे वसईची खाडी. खाडी ओलांडली की नायगाव आणि वसई. मागच्या खेपेस त्याच इमारतीतील एक वयस्कर गृहस्थ गच्चीवर भेटले. तरुणपणी त्यांनी खाजणात भात केलेला. मी कृषि महाविद्यालयात शिकवतो असे कळल्यावर ते म्हणाले, "सर, एक विचारू? नातवाच्या पुस्तकात शिडी काढली आहे. गवताला टोळ खातो, टोळाला बेडूक, बेडकाला साप आणि सापाला घार. पण खाजणात मी घारीला मेलेली मासळी उचलताना बघितली. सापाला बेडकापेक्षा उंदीरच जास्त गिळताना बघितला. आणि खेकडा तर भाताची रोपेही कापतो आणि मेलेला उंदीरही सोडत नाही. मग या शिडीवर खेकड्याला कुठल्या पायरीवर बसवायचा?"

प्रश्न रास्त होता. वर्गात मुले असा प्रश्न विचारत नाहीत, कारण त्यांनी शिडी पाठ केलेली असते आणि खेकडा पाहिलेला नसतो. शेतकरी बंधूंनी मात्र दोन्ही पाहिलेले असते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर देत आहे. उत्तराचा फवारणीच्या खर्चाशी, बांधाच्या दुरुस्तीशी आणि घरच्या जनावरांच्या औषधाशीही संबंध आहे.

पायऱ्या कशाच्या?

अन्नसाखळीत प्राण्याची पायरी त्याच्या आकारावरून किंवा ताकदीवरून ठरत नाही. त्याच्या पोटात गेलेले अन्न सूर्यापासून किती हात बदलून आले, यावरून ती ठरते. हिरवी वनस्पती सूर्यप्रकाशापासून स्वतःचे अन्न तयार करते, म्हणून ती पहिली पायरी. तिला उत्पादक म्हणतात. वनस्पती खाणारा दुसऱ्या पायरीवर येतो. यात तुडतुडा येतो, खोडकिड्याची अळी येते, घूस येते आणि गोठ्यातील म्हैसही येते. म्हैस पाचशे किलोची आणि तुडतुडा मोहरीच्या दाण्याएवढा, तरी दोघे एकाच पायरीवर. त्यांना खाणारे कोळी, चतुर, बेडूक तिसऱ्या पायरीवर. बेडकाला खाणारा साप चौथ्यावर आणि सापाला उचलणारा गरुड पाचव्यावर. या सगळ्यांचे मलमूत्र व मृत शरीरे कुजवून त्यातील अन्नद्रव्ये पुन्हा मातीत आणणारे जिवाणू, बुरशी व गांडुळे हे विघटक होत. ते प्रत्येक पायरीवरून आपला वाटा घेतात.

इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी १९२७ साली प्राण्यांच्या परिस्थितिकीवरील आपल्या पुस्तकात अन्नसाखळीची ही मांडणी केली. खालच्या पायरीवरचे प्राणी संख्येने पुष्कळ व वरच्या पायरीवरचे थोडे, हा संख्येचा मनोरा त्यांनीच दाखवून दिला. असे का होते, याचा हिशेब पुढे रेमंड लिंडमन या अमेरिकन तरुणाने मांडला. मिनेसोटातील एका लहान तळ्यावर त्याने काम केले आणि एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर किती ऊर्जा पोचते हे मोजले. त्याचा निबंध १९४२ साली छापून आला, परंतु तो पाहण्यास लिंडमन हयात नव्हता. त्याच वर्षी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी तो वारला होता.

दहा टक्क्यांचा हिशेब

ढोबळमानाने एका पायरीवरील ऊर्जेपैकी दहा टक्केच वरच्या पायरीच्या शरीरात उतरते. बाकीची श्वसनात, हालचालीत, शरीर उबदार ठेवण्यात व शेणामुताबरोबर जाते. समजा, खाचरातील भातात व गवतात १०,००० उष्मांक आहेत. ते सर्व किडींनी खाल्ले तर किडींच्या शरीरात सुमारे १,००० उतरतील, बेडकांच्या शरीरात १००, सापाच्या शरीरात १० आणि गरुडाच्या वाट्याला १. म्हणून एका खाचरात लाखो तुडतुडे, शेकडो कोळी, वीस-पंचवीस बेडूक आणि फार तर एखादी धामण असते. गरुडाला मात्र अख्खे गाव लागते. साखळी बहुधा चार-पाच पायऱ्यांच्या पुढे जात नाही, कारण पुढे खायला काही उरतच नाही.

दहाचा आकडा काळ्या दगडावरची रेघ नव्हे. काही ठिकाणी तो पाच असतो, काही ठिकाणी वीस. कोंबडीपालन करणारे वाचक येथे हरकत घेतील, की आमची ब्रॉयलर कोंबडी दीड ते दोन किलो खाद्यात एक किलो वजन देते, मग दहा टक्के कुठले? हरकत बरोबर आहे, पण हिशेब वेगळा आहे. खाद्य कोरडे असते आणि कोंबडीच्या वजनात निम्म्याहून अधिक पाणी असते. शिवाय पिंजऱ्यातील कोंबडीला भक्ष्य शोधत हिंडावे लागत नाही, रोगराईपासून आपण तिला जपतो आणि तिचे आयुष्य सहा आठवड्यांचे असते. रानातल्या प्राण्याला यातले काहीच मिळत नाही.

या हिशेबातून शेतकऱ्याला लागणारी गोष्ट अशी, की वरच्या पायरीवरचा प्राणी संख्येने थोडा असतो आणि त्याची वाढ सावकाश होते. तो एकदा गेला की लवकर परत येत नाही. खालच्या पायरीवरचा झपाट्याने परत येतो. शेतात आपण जेव्हा विष टाकतो तेव्हा ते दोघांनाही लागते, पण उठून उभा राहण्याचा वेग दोघांचा सारखा नसतो. या मुद्द्याकडे पुढे येणारच आहे.

खेकडा कोठे बसवावा?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. खेकडा एका पायरीवर बसतच नाही. रोपे कापतो तेव्हा तो दुसऱ्या पायरीवर असतो, लहान गोगलगाय फोडतो तेव्हा तिसऱ्यावर, आणि कुजका पाला व मेलेले प्राणी खातो तेव्हा विघटकांच्या रांगेत. पायरी प्राण्याला कायमची चिकटलेली नसते. ती त्या वेळच्या घासाची असते. पुस्तकातील शिडी समजण्यास सोपी पडते, परंतु शेतात शिडी नसते, जाळे असते. माझे स्वतःचे मत असे, की शाळेत शिडीऐवजी पागाचे चित्र काढावे. पाग विणणाऱ्यांच्या मुलांना ते लगेच कळेल.

बेडकाचेच पाहा. त्याचे डिंभ पाण्यातील शेवाळ खाते, म्हणजे दुसऱ्या पायरीवर असते. शेपूट गळून बेडूक झाला की तो किडे खाऊ लागतो व तिसऱ्या पायरीवर चढतो. त्याने कोळी गिळला तर चौथ्यावर. उलट चतुराचे पाण्यातील पिल्लू इतके खादाड असते, की डासांच्या अळ्यांबरोबर ते बेडकाचे लहान डिंभही फस्त करते. पुढे तोच बेडूक मोठा होऊन चतुर गिळतो. कोणी कोणाला खावे हे वयावरही ठरते.

चिमणी हे दुसरे उदाहरण. एरवी ती दाणे खाते, पण पिलांना अळ्या भरवते. चीनमध्ये १९५८ साली धान्य खाते म्हणून चिमणीविरुद्ध देशभर मोहीम काढली गेली. तिची दुसरी पायरी मोजली, तिसरी मोजली नाही. किडींचा उपद्रव वाढल्यावर १९६० साली मारण्याच्या यादीतून चिमणी वगळण्यात आली व तिच्या जागी ढेकूण घातला गेला.

ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी पुष्कळांनी पाहिले असतील. या खाडीचा काही भाग २०१५ साली रोहित अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. या थव्यांत लहान रोहित व मोठा रोहित असे दोन प्रकार शेजारी-शेजारी उभे असतात. लहान रोहित मुख्यतः सूक्ष्म नीलहरित शेवाळ गाळून खातो. म्हणजे तो आपल्या म्हशीच्या पायरीवर. मोठा रोहित चिखलातील बारीक कवचधारी जीव, अळ्या व शिंपल्या खातो. म्हणजे बेडकाच्या पायरीवर. चिखल तोच, चोचीची जाळी वेगळी. एकाच्या ताटावर दुसऱ्याचा फारसा हक्क नसल्याने एवढे पक्षी एका जागी पोट भरू शकतात.

हेच तत्त्व मत्स्यशेतीत आपण पैसे मिळवण्यासाठी वापरतो. शेततळ्यात कटला, रोहू व मृगळ एकत्र सोडतात. कटला वरच्या थरातील सूक्ष्म प्राणी खातो, रोहू मधल्या थरात चरतो व मृगळ तळाचा कुजका गाळ खातो. त्यांच्या जोडीला ग्रास कार्प पाणवनस्पती खातो आणि सिल्व्हर कार्प सूक्ष्म वनस्पती. एकाच तळ्यातील निरनिराळी ताटे निरनिराळ्या माशांना दिली, की शेणखत घातलेल्या पाण्यातूनही चांगले उत्पादन निघते. याउलट रायगड जिल्ह्यात लोक आवडीने पाळतात तो जिताडा वरच्या पायरीवरचा मासा आहे. त्याला लहान मासे, कोळंबी लागते. जिताड्याला बाजारात भाव चढा मिळतो, याचे एक कारण दहा टक्क्यांच्या हिशेबातच आहे. आणि कटल्याच्या बोटुकल्यांबरोबर जिताडा सोडला तर वर्षाअखेर तळ्यात काय उरते, हे अनुभव घेतलेल्यांनाच विचारावे.

खाडीत साखळी पानगळीपासून सुरू होते

खाजणाच्या शेतकऱ्याने आणखी एक गोष्ट जाणावी. भातशेतात साखळी हिरव्या पानापासून सुरू होते. तिवरांत ती बरीचशी गळलेल्या पानापासून सुरू होते. तिवराचे पान खारट व चिवट असल्याने हिरवेपणी त्याला खाणारे थोडे. ते चिखलात पडते, त्यावर बुरशी व जिवाणू वाढतात, खेकडे त्याचे तुकडे करतात आणि मग तो मऊ, पौष्टिक चुरा कोळंबी, बोय व इतर लहान जीव खातात. काही जातींच्या निवट्या चिखलावरचे शेवाळ खरवडतात, तर काही जाती लहान खेकडे व किडे पकडतात. या सर्वांवर जिताडा, खंड्या, बगळे व घारी जगतात. किनाऱ्यावरील अनेक मासळीची व कोळंबीची पिले वाढतात ती याच पट्ट्यात. तिवर तोडली तर मासळी कमी होते, याचे कारण पहिल्या पायरीचे अन्न बंद होते.

मिठागरात साखळी आखूड होते. भरतीचे पाणी पहिल्या तळ्यात घेतले तेव्हा त्यात मासे, कोळंबी, अळ्या सर्व असतात आणि काठावर शेकाट्या व बगळे दिसतात. पाणी एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊन जसजसे आटते, तसतसे मासे नाहीसे होतात. शेवटी अति खाऱ्या पाण्यात टिकणारे थोडे शेवाळ व जिवाणू आणि त्यांवर जगणारे बारीक कवचधारी जीव एवढेच उरतात. मीठ पडण्याच्या वाफ्यात तर प्राण्यांची पायरी जवळजवळ नसतेच.

इंद्रलोकच्या दक्षिणेकडील डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा आहे. तेथील सर्वांत वरच्या पायरीवर बिबट्या आहे. तो चितळ, रानडुक्कर खातो, पण वस्तीलगतच्या बिबट्याच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा असतो, आणि कुत्री पोसली जातात आपल्या उकिरड्यावर. म्हणजे बिबट्याच्या मनोऱ्याचा एक पाया शहरातल्या कचराकुंडीत आहे. हे सर्व मी त्या गृहस्थांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आम्हीच पोसतो की त्याला!" यावर मी काय बोलणार.

माझ्या हातून झालेली चूक

आता भाताकडे येऊ. नोकरीस लागल्यानंतरच्या दुसऱ्या खरिपातली गोष्ट. खाडीपलीकडे वसई तालुक्यातील एका शेतकऱ्याने लावणीनंतर महिनाभराने मला शेत दाखवले. पाने गुंडाळणाऱ्या अळीने पाने पांढरी पडली होती. मी कृषिविद्येचा माणूस, कीटकशास्त्राचा नव्हे. तरीही पांढरी पाने पाहून घाई केली आणि सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशकाची फवारणी सांगितली. त्यांनी ती केली, पंधरा दिवसांनी पुन्हा केली. अळी गेली. शेत हिरवेगार झाले. सप्टेंबरच्या अखेरीस त्यांचा निरोप आला, की भात गोल-गोल जळत चालले आहे. जाऊन पाहिले तो चुडांच्या बुडाशी तपकिरी तुडतुड्यांचा थर बसलेला. पीक फुलोऱ्यातून नुकतेच बाहेर पडले होते. मधल्या दोन खाचरांत दाणा भरलाच नाही. शेजारच्या बांधापलीकडील शेत, ज्यात एकही फवारणी झाली नव्हती आणि ज्यातील पाने आम्ही गेलो तेव्हा तितकीच पांढरी होती, ते मात्र पिकले. शेतकरी मला काही बोलले नाहीत. त्यांच्या घरच्या माउलीने चहा दिला आणि एवढेच विचारले, "शेजाऱ्यांनी काय मारलं होतं?" त्यांनी काहीच मारले नव्हते, हे मला सांगावे लागले.

असे का झाले, हे पायऱ्यांवरून कळते. तपकिरी तुडतुडा दुसऱ्या पायरीवरचा. एक मादी दोनशे ते तीनशे अंडी घालते आणि तीन-चार आठवड्यांत नवी पिढी तयार होते. अंडी पानाच्या आवरणाच्या आत घातलेली असल्याने फवाऱ्यापासून सुरक्षित राहतात. तुडतुड्यांना खाणारे तिसऱ्या पायरीवरचे. त्यांतील शिकारी कोळी, जो जाळे न विणता चुडाच्या बुडाशी पळत शिकार करतो, दिवसाला ५ ते १५ भक्ष्ये खातो. हिरवा मिरिड ढेकूण तुडतुड्यांची अंडी शोधून शोषतो; दिवसाला ७ ते १० अंडी. फवारणीत हे दोघे आधी मरतात, कारण ते सतत फिरत असतात, विषारी पृष्ठभागावरून चालतात आणि विष प्यालेले भक्ष्य खातात. कोळ्याची पिढी पूर्ण होण्यास काही महिने लागतात. तेवढ्यात तुडतुड्यांच्या दोन पिढ्या होऊन जातात, आणि त्यांना रोखणारे कोणी नसते. शिवाय काही पायरेथ्रॉइड औषधांच्या फवारणीनंतर तुडतुड्यांचे प्रजोत्पादनच वाढते, असेही प्रयोगांत आढळले आहे. अळीने पांढरी केलेली पाने मात्र भाताने फुटव्याच्या काळात सहज भरून काढली असती. वाढीच्या सुरुवातीचे पानांचे थोडे नुकसान भात सोसतो, हे मी परीक्षेत लिहिले होते. शेतावर विसरलो.

हीच चूक इंडोनेशियाने देशपातळीवर केली होती. तेथे कीटकनाशकांवर मोठे अनुदान होते आणि तुडतुड्यांनी पिकेच्या पिके खाल्ली. १९८६ साली तेथील राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी आली, अनुदानही पुढे बंद झाले, आणि शेतकऱ्यांना शेतातच कीड व मित्रकीटक ओळखण्यास शिकवणाऱ्या शेतीशाळा सुरू झाल्या. आपल्याकडील शेतीशाळांचे मूळ तेथेच आहे.

घूस, बांध आणि घुबड

खारजमिनीत उंदरांचा प्रश्न धान्यापुरता नसतो. घूस बांध पोखरते, खेकडा बांध पोखरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात त्या बिळातून पाणी झिरपू लागते आणि बाहेरकाठा फुटला की खारे पाणी खाचरात पसरते. मग ते मीठ धुऊन जाण्यास एक-दोन पावसाळे तरी जातात. कोकण कृषि विद्यापीठाच्या पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशा क्षार सहन करणाऱ्या भाताच्या जाती दिल्या आहेत, पण त्या जमिनीतील क्षारासाठी आहेत. फुटलेल्या बांधासाठी नाहीत.

घूस दुसऱ्या पायरीवरची. एका वेतात सहा-आठ पिले व वर्षात अनेक वेते. तिला खाणारे धामण, नाग, घोणस, मुंगूस, कोल्हा आणि रात्री गव्हाणी घुबड. गव्हाणी घुबडाचा आहार जवळजवळ पूर्णपणे उंदरांचा असतो. मलेशियातील तेल ताडाच्या मळ्यांत व इस्रायलच्या शेतांत त्यांच्यासाठी मुद्दाम लाकडी घरटी बसवतात. आपल्याकडे मात्र ते छपरावर बसले की अपशकुन म्हणून दगड मारतात. अपशकुनाबद्दल मी वाद घालत नाही. घुबडाने रात्री खाल्लेल्या उंदरांच्या केसाहाडांच्या गोळ्या सकाळी त्याच्या बसण्याच्या जागेखाली पडलेल्या असतात. एखादी काडीने फोडून आतील कवट्या मोजाव्यात.

विषारी आमिष वापरावेच लागले तर पायरीचा विचार करून निवडावे. झिंक फॉस्फाइड तीव्र विष आहे, पण त्यापासून पोटात विषारी वायू तयार होऊन उंदीर मरतो व विष शरीरात फारसे साठत नाही. ब्रोमाडिओलोन उंदराच्या यकृतात साठते, उंदीर चार-पाच दिवस सुस्तावलेला हिंडतो आणि घुबडाला तो सहज सापडतो. म्हणून ब्रोमाडिओलोनच्या वड्या उघड्यावर न टाकता बिळात खोल ठेवाव्यात आणि मेलेले उंदीर रोज गोळा करून पुरावेत. आधी सर्व बिळे चिखलाने बुजवावीत व दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसतील त्यांतच आमिष ठेवावे. यामुळे आमिष निम्मे वाचते आणि रिकाम्या बिळात आसऱ्याला आलेल्या धामणीच्या वाट्याला कोणी जात नाही.

बेडकाबद्दलही थोडे. एकेकाळी बेडकांच्या तंगड्या भारतातून परदेशी जात. किडी खाणारे बेडूक कमी होऊ लागल्याने १९८७ साली सरकारने या निर्यातीवर बंदी घातली. पहिल्या पावसात पेट्रोमॅक्स घेऊन बेडूक धरणारे आजही काही ठिकाणी दिसतात. तो कायद्याने गुन्हा आहे.

विष वर चढते कसे

ऊर्जा पायरीगणिक घटते, पण शरीरात न विरघळणारे, चरबीत साठणारे विष पायरीगणिक वाढते. अमेरिकेतील लाँग आयलंडच्या खाडीत १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डीडीटीचे प्रमाण सूक्ष्म प्लवकांत दशलक्ष भागांत ०.०४ भाग होते, लहान माशांत ०.५, मोठ्या माशांत २ आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यांत २५ पर्यंत. लहान माशाने शेकडो प्लवक खाल्ले, मोठ्याने शेकडो लहान मासे. अन्न खर्च झाले, विष शिल्लक राहिले. आपल्या देशात शेतीसाठी डीडीटीचा वापर १९८९ पासून बंद आहे.

विष म्हणजे कीटकनाशकच असे नव्हे. गिधाडे नाहीशी झाली ती गुरांच्या दुखण्यावरील औषधाने. डायक्लोफेनॅक टोचलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. हे कारण २००४ साली उघड झाले. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटल्याचे पाहणीत आढळले. गुरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ साली आणि किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅकवर २०२३ साली बंदी आली. मेलोक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे. गुरास ताप-सूज असता डॉक्टरांना तेच देण्याची विनंती करावी आणि माणसांसाठीचे इंजेक्शन गोठ्यात वापरू नये. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातील चिरगाव परिसरात गिधाडांची घरटी गावकऱ्यांच्या सहकार्याने राखली गेली आहेत.

शेतात मोजणी कशी करावी

लावणीनंतर तीन आठवड्यांपासून दर आठवड्याला एकदा सकाळी खाचरात उतरावे. कडेच्या दोन-तीन ओळी सोडून तिरके चालत वीस चूड पाहावेत. चूड हलकेच वाकवून बुडाशी पाहावे, कारण तुडतुडे व शिकारी कोळी तेथेच असतात. वहीत दोन रकाने करावेत. पहिल्यात दुसऱ्या पायरीवरचे, म्हणजे पीक खाणारे, आणि दुसऱ्यात त्यांना खाणारे : कोळी, मिरिड ढेकूण, ढाल किडे, चतुर, टाचण्या. तुडतुडे चुडामागे ५ ते १० च्या आत असतील तर औषधाचा डबा उघडू नये. किडी व मित्रकीटक यांचे प्रमाण दोनास एक असेल तर फवारणीची गरज नाही, असा सर्वसाधारण दंडक आहे. प्रमाण त्याहून बिघडले तरी लगेच न फवारता पाणी तीन-चार दिवस काढून टाकावे, नत्राचा पुढील हप्ता थांबवावा, चुडांत हवा खेळेल असे करावे आणि पुन्हा मोजावे. संख्या वाढतच असेल तर केवळ बाधित खाचरात, कृषि विद्यापीठाने शिफारस केलेले औषध चुडाच्या बुडाशी पडेल असे फवारावे. खोडकिड्यासाठी ट्रायकोग्रामा जापोनिकम या परोपजीवी कीटकाची अंडी हेक्टरी ५०,००० याप्रमाणे सोडता येतात. ती सोडल्यावर काही दिवस फवारणी करू नये, नाहीतर विकत आणलेले मित्र आपणच मारतो.

खेकडा मात्र दोन्ही रकान्यांत लिहावा. कोवळी रोपे असताना बांधालगतच्या चार ओळींत तो पहिल्या रकान्यात असतो. रोपे रुजली की त्याची बिळे फक्त बांधावर मोजावीत आणि उधाणाच्या आधी बुजवावीत. त्या गृहस्थांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी तिसरा रकाना सुचवला. पहिल्या पावसाच्या रात्री टोपलीत किती चिंबोऱ्या आल्या, तो आकडा त्यात लिहायचा.